फ्रीजबाहेरचा गारवा

११ मार्च २०२५, मंगळवार

शाळेतून निवृत्त होताना हेडसरांना विचारून तीन कोऱ्या प्रयोगवह्या घरी आणल्या होत्या. विचारून आणल्या हे मुद्दाम लिहून ठेवतो, उगाच कुणी चोर म्हणायला नको. तीस वर्षं प्रयोगशाळेत परिचर होतो. परीक्षानळ्या धुतल्या, तापमापी मांडल्या, तराजू पुसले. प्रयोग मास्तरांनी आणि पोरांनी केले, मांडामांड मी केली. वह्या तशाच पडून होत्या. आज पहिली उघडली, कारण घरात डोकं फिरायची वेळ आली आहे.

केशर, म्हणजे माझी बायको, चौसाळ्याहून टेम्पोत डीप फ्रीज घालून घेऊन आली. तिच्या भावाचं आइस्क्रीमचं दुकान बंद झालं, त्यातला हा. आडवा, पांढरा, आत रेडकू निजेल एवढा.

मी म्हटलं, "आता कुल्फी विकायची का?"

"न्हाई. ह्याच्या आत कायबी ठेवायचं न्हाई."

"मग?"

"ह्याच्या भाईर गार करायचंय."

घ्या! मी कपाळाला हात लावला. पण बाई नीट बोलत होती. आमच्या वाडीत आमच्यासकट आठ घरं रेशीम करतात. रेशमाच्या अळ्या पहिले आठ दिवस तान्ह्या बाळासारख्या असतात. त्या आठ दिवसांच्या सांभाळाला चॉकी म्हणतात. ती दुसरीकडं होते आणि मग आम्हाला अळ्या मिळतात. आमचं चॉकी सेंटर साठ किलोमीटर लांब. उन्हाळ्यात जीपमधून येता येता निम्म्या अळ्या माना टाकतात. म्हणून उन्हाळ्याची बारी, म्हणजे अळ्यांची खेप, सगळ्यांनी सोडून दिली, तुतीचा पाला रानात उभा राहतो. केशर जानेवारीत बीडला चॉकीचं शिक्षण घेऊन आली आणि सात घरांना शब्द देऊन बसली, की यंदाच्या उन्हाळ्याची चॉकी मी वाडीतच करते. मला विचारलंसुद्धा नाही.

अळ्यांना सत्तावीस अंश लागतात आणि दमट हवा लागते. आमच्याकडं एप्रिलात एक्केचाळीस, बेचाळीस.

"एसी लाव मग."

"एसी हवा सुकवतो. अन् लाईट गेली की एसी मेला. फ्रीजात गारवा साठून ऱ्हातो, रांजणात पाणी ऱ्हातं तसा. लाईट न्हाई तवा थोडा थोडा काढून घ्यायचा."

"हे कुठं वाचलंस?"

"वाचायला कशाला पायजे? लाईट गेली तरी भावाच्या दुकानात सा सा तास कुल्फी पाघळत नव्हती. डोळे हायत ना मला."

बाई सातवी पास. साठवलेल्या उष्णतेचा धडा आमच्या सरांनी दहावीला चार तास शिकवला तरी निम्म्या वर्गाला कळत नसे. मी मनातल्या मनात शाबास म्हटलं. तोंडानं नाही म्हटलं.

१५ मार्च, शनिवार

कालच्या धुळवडीचा रंग अजून कानात आहे. आज कामाला लागलो.

बेत असा. फ्रीजमध्ये पाणी भरायचं, ते बर्फाच्या अलीकडं थंड ठेवायचं. कूलरच्या छोट्या पंपानं ते नळीतून शेजारच्या बंद खोलीत न्यायचं, तिथं जीपच्या रेडिएटरमधून फिरवायचं, रेडिएटरमागं पंखा लावायचा, पाणी परत फ्रीजमध्ये. आकृती डाव्या पानावर काढली आहे. स्वतःचं म्हणून सांगत नाही, पण आकृती सुबक आली आहे.

नळीसाठी फ्रीजच्या बाजूला भोक पाडायला हवं. बंकटकडून ड्रिल आणलं. बंकट माझा लहानपणचा गडी, त्यानं ड्रिल दिलं आणि वर टोमणा दिला. "काय बे सर्ज्या, शाळा सुटली तरी तुझी प्रयोगशाळा सुटना व्हय?" मी पेन्सिलनं खूण केली, ड्रिल टेकवलं, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मामा! हात काढा आधी!"

सत्यशीला. चौसाळ्यात फ्रीज दुरुस्तीचं दुकान चालवते. बीडच्या आयटीआयला तिच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. आमच्या शाळेची विद्यार्थिनी, म्हणून मी अजून मामा. केशरनं तिला परस्पर बोलावून ठेवलं होतं.

"पत्र्याच्या आतून गॅसच्या नळ्या फिरवलेल्या असतात मामा. भोक पडलं की गॅस गेला. मग ह्यात फक्त गहू भरायचे."

"नळ्या दिसत तर नाहीत."

"दाखवते. खडू हायत का?"

खडू माझ्याकडं नसतील तर कुणाकडं? तिनं खडूची पूड केली, स्पिरिटमध्ये कालवली, फ्रीजच्या अंगाला भिंत सारवावी तशी पोतली आणि फ्रीज चालू केला. पाच-सात मिनिटांत जिथं आतली नळी गरम झाली तिथला थर आधी वाळला आणि ओल्या करड्या रंगावर पांढऱ्या रेघा उठत गेल्या. अख्खा पत्रा नळ्यांनी भरलेला. माझी पेन्सिलची खूण बरोबर एका रेघेवर होती.

तीस वर्षं खडू हातात होते. हे कधी सुचलं नाही. मी तिला म्हणालो, "सत्यशीला, तू बाई वरच्या वर्गातली आहेस." ती नुसती हसली आणि झाकणाला भोक पाडलं. झाकणात नळ्या नसतात.

पाण्यात मीठ घालू म्हणालो, गोठणार नाही. तर म्हणे मीठ रेडिएटर खाऊन टाकील, जीपमध्ये घालतात ते हिरवं कुलंट घाला. बरं बाई.

२३ मार्च, रविवार

खोली झाली. मागच्या खोलीतच बांबूचा सांगाडा, सहा फूट बाय चार, वर साडेसहा. चहूबाजूंनी थर्माकोल, आतून नवा प्लास्टिकचा कागद. मी खताच्या गोण्या उसवून लावणार होतो, चांगल्या धडधाकट होत्या. केशरनं त्या बाहेर फेकल्या. औषधाचा, खताचा नुसता वास अळ्यांना बाधतो म्हणे. अगरबत्ती नाही, मच्छरची कॉइल नाही, अत्तर नाही.

आणि मी नाही.

"तुमी तंबाखू मळता. बोटाला ऱ्हातोच. तंबाखूनं अळी मरती. खोलीत पाय ठिवायचा न्हाई."

"अगं, साबणानं हात धुईन की!"

"तुमी धुता अन् धुवून पुन्हा मळता. मला ठावं हाय."

ज्यानं खोली उभी केली त्यालाच खोलीबंदी! शाळेतही हेच होतं. परीक्षेच्या दिवशी सगळी मांडामांड मी करायची आणि घंटा झाली की बाहेर स्टुलावर बसायचं. दाराला मी काचेचं तावदान बसवून घेतलं, तापमापी बाहेरून तरी वाचता याव्यात म्हणून. आत दोन लावल्या आहेत, एक वर, एक खाली. शिवाय एकीच्या फुग्याला ओली वात बांधून दमटपणा मोजायची सोय केली. हे माझं एकट्याचं.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली आणि यंत्र चालू केलं. सकाळी नऊला आत छत्तीस अंश. दहाला तेहतीस. अकराला एकतीस. बाराला एकतीस. दोनला एकतीस. पुढं खाली यायलाच तयार नाही.

बंकट पुरणपोळी खाऊन ढेकर देत आला. काचेतून बघितलं आणि म्हणाला, "एकतीसला अळ्या न्हाई, नवरदेव थंड व्हत्याल." मला राग आला. मी म्हणालो, सणाच्या दिवशी घरी बस.

सत्यशीलाला फोन लावला. तिनं विचारलं, पंप चालू आहे का, पंखा चालू आहे का, फ्रीजमधलं पाणी किती. पाणी दोन अंश होतं. सगळं ठीक, मग गारवा जातो कुठं?

केशर कपभर चहा घेऊन आली, खोलीभोवती एक चक्कर मारली, उजव्या बाजूच्या थर्माकोलला तळहात लावला. मग म्हणाली, "हितं हात लावा."

गरम. चुलीमागच्या भिंतीसारखं.

"फ्रीज आतली ऊब भाईर टाकतो न्हवं? तो हितंच उभा हाय. एका हातानं गार करतोय, दुसऱ्या हातानं शेकतोय."

मी अगदी तेच बोलणार होतो.

२ एप्रिल, बुधवार

फ्रीज मागच्या पडवीत नेला, भिंतीच्या पलीकडं, सावलीत. भिंतीतून नळ्या. ओढायला बंकटच आला, शिव्या देत, पण आला.

दुपारी अडीचला बाहेर चाळीस. आत सत्तावीस! वर सत्तावीस, खाली साडेसव्वीस. मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग मुद्दाम लाईट बंद केली. पंप आणि पंखा इन्व्हर्टरवर टाकला, फ्रीज बंद. चार तासांनी एकोणतीस. केशरचा रांजण खरा ठरला.

मी तिला म्हणालो, "तुला मानलं पाहिजे." हे मात्र तोंडानं म्हणालो.

ती म्हणाली, "दळण आणायचंय."

६ एप्रिल, रविवार

आत नुसता पाला ठेवून बघितला. दोन तासांत पाल्याच्या कडा वळल्या. माझी ओली वात सांगते, दमटपणा फक्त पंचावन्न. हवेतलं पाणी थंड रेडिएटरवर जमतं आणि खाली टपकून जातं. म्हणजे एसीचाच दोष आपल्या घरी वेगळ्या दारानं आला. मी दिवसभर याचा विचार करत होतो, दोन आकृत्या काढल्या.

संध्याकाळी बघतो तर केशरनं ट्रेच्या कडेनं फोमच्या ओल्या पट्ट्या ठेवल्या, वर मेणकागद झाकला आणि पंख्यापुढं ओलं गोणपाट टांगलं. टपकणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवली, तेच पाणी गोणपाटावर. वात वाचली. पंच्याऐंशी.

आकृत्या खोडल्या नाहीत, असू देत.

८ एप्रिल, मंगळवार

अंडी आली. दोनशे अंडीपुंज. एका पुंजात चार-पाचशे अंडी, खसखशीहून बारीक. केशरनं हातात घेतली आणि कितीतरी वेळ खाली ठेवलीच नाहीत. मी म्हटलं, "घाबरलीस का?"

"सात घरांनी खतपाणी घालून पाला वाढवलाय. म्या शब्द दिला म्हणून. अळ्या मेल्या तर पाला जनावरांपुढं टाकावा लागंल, अन् पुन्हा माझ्या दारात कोण येईल?"

मी म्हटलं, यंत्र चोख आहे. ती म्हणाली, यंत्राचं भ्या न्हाईच. मग कशाचं, ते सांगितलं नाही.

१३ एप्रिल, रविवार

सत्यशीला येऊन पंप तपासून गेली. "उद्या फोन करू नका मामा. चौदा एप्रिल हाय, जयंतीच्या जेवणाचं सगळं माझ्याकडं हाय. परवा वाटंल तेवढे करा." यंत्राला सांगितलं, उद्या शहाण्यासारखं वाग. वागलं पाहिजे.

१७ एप्रिल, गुरुवार

दोन दिवस अंडी काळ्या कपड्यात गुंडाळून अंधारात ठेवली होती, म्हणजे पुढची मागची सगळी एकाच वेळी तयार होतात. आज सकाळी केशरनं कपडा काढला, उजेड पडला आणि तासाभरात सगळा कागद हलायला लागला. काळ्या बारीक अळ्या. जवळजवळ लाखभर जीव! काचेला नाक लावून मी बघत होतो. केशर कोवळा पाला चिरायची आणि दाणे पेरावेत तसा वरून सोडायची. तिच्या तोंडावर असं हसू मी पोरांच्या जन्मालाही बघितलं नव्हतं. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी आलं.

आठ ट्रे केले, एकेका घराचे पंचवीस पुंज. ट्रेला चिठ्ठ्या लावल्या, मीच लिहिल्या, अक्षर माझं बरं आहे. सगळ्यात वर, पंख्याजवळ बंकटचा, त्याखाली धुळाजीचा, मग बाकीचे, सगळ्यात खाली आमचा. पाला आठही ट्रेंना आमच्याच घरामागच्या तुकड्यातला. चिरला की मी वजन करून आठ सारखे वाटे दारातून आत देतो, दिवसातून तीनदा. वजनं डाव्या पानावर.

वर सत्तावीस, खाली सत्तावीस.

२० एप्रिल, रविवार

आज बारी वाचवली ती मी. हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

दुपारी पावणेदोन. केशर पाला खुडायला गेलेली. मी ओसरीवर तंबाखू मळत बसलो होतो, सहज उठून काचेतून बघितलं तर वरची तापमापी एकोणतीस! पंखा थांबलेला. बघता बघता तीस. केशरला हाक मारली, ती तुकड्याच्या पार टोकाला, हाक ऐकू गेली नाही. फोन तिचा घरातच वाजला. बाहेर बेचाळीस अंश. थांबलो असतो तर सगळं गेलं असतं.

मी तळहातावरचा तंबाखूचा बार टाकून दिला, हात धोतराला पुसले आणि आत शिरलो. पंख्याची वायर सुटली होती. वरचा ट्रे आड येत होता, तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतला, वायर पिळून बसवली, पंखा सुरू. ट्रे जागेवर ठेवताना पाला एका बाजूला घसरला होता, तोही हातानं सारखा पसरून दिला. पाच मिनिटांत बाहेर. दोन वाजून दहा मिनिटांनी सत्तावीस.

केशर आली तेव्हा सगळं सांगितलं. वाटलं, आज तरी शाबासकी मिळेल. तिनं विचारलं, "हात धुतले हुते?" मी म्हटलं, "वेळ होता का?" ती आत जाऊन बराच वेळ बसली.

कौतुक करायची सवयच नाही बाईला.

२२ एप्रिल, मंगळवार

वरच्या ट्रेचं काहीतरी बिनसलंय. काल सकाळपासून अळ्या पाला खात नाहीत, माना वर करून हलवतात, तोंडातून हिरवं पाणी टाकतात. आज निम्म्या मेल्या. बाकी सात ट्रे ठणठणीत. पहिली कात टाकून अळ्या पाल्यावर तुटून पडल्यात.

मी सगळं तपासलं. फ्रीजमधलं पाणी तीन अंश. वर सत्तावीस, खाली सत्तावीस. दमटपणा ब्याऐंशी. व्होल्टेज ठीक. रेडिएटर गळतो की काय म्हणून खालची बादली बघितली, हिरवं काही नाही. पंख्याचा वारा जास्त बसला असेल म्हणावं तर गोणपाट आडवं आहे. काही उलगडत नाही. रात्रंदिवस डोकं तिथंच.

एक बरं, मेलेला ट्रे आमचाच निघाला. केशरनं बाहेर आणला तेव्हा चिठ्ठीवर आमचं नाव होतं. मला वाटत होतं आमचा सगळ्यात खाली आहे. साठी उलटली की असं होतं.

२३ एप्रिल, बुधवार

सत्यशीलाला बोलावलं. म्हटलं, यंत्राचा दोष असेल तर स्पष्ट सांग. तिनं तासभर एकेक जोड बघितला. "मामा, मशीन एक नंबर हाय. म्या असं अजून कुठं बघितलं न्हाई." मग मेल्या अळ्या बघितल्या, केशरशी हळू आवाजात काहीतरी बोलली. माझ्या खिशातल्या पुडीकडं तिची नजर गेली, तिनं केशरकडं बघितलं, केशरनं मान हलवली. 

मी विचारलं, "काय?"

केशर म्हणाली, "काय न्हाई. चहा घेतेस का गं?"

बायकांचं आपल्याला कळत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सातला सगळी माणसं आली. टोपल्या, ओली फडकी. सात ट्रे केशरनं एकेक करून दारात मांडले. दुसरी कात टाकलेल्या गुबगुबीत अळ्या, एकसारख्या. धुळाजी तर म्हणाला, साठ किलोमीटरवरून कधी असला माल आला न्हाई. मी मिशीत हसत होतो.

तेवढ्यात बंकटनं मोजलं. "सातच? वहिनी, तुमचा ट्रे कुठाय?"

"गेला."

"गेला म्हंजी? कशानं?"

 बंकट पडवीतल्या फ्रीजकडं बघायला लागला. "म्या म्हणलं नव्हतं? मशीनीचा गारवा बाधला! आज तुमच्या मेल्या, उद्या आमच्या घरी जाऊन मरतील. शेड धुतलंय, पाला कापलाय, अन् मेल्या अळ्यांना घालू व्हय?"

धुळाजीनं हातातली टोपली खाली ठेवली. त्याचं बघून आणखी दोघांनी ठेवली. सात ट्रे दारात, ऊन वर चढतंय आणि कुणी हात लावेना.

केशर म्हणाली, "मशीनीला बोल लावू नका. चूक माझी हाय. वढ्याकडच्या तुकड्यातला पाला म्या आणला. शेजारच्या रानात फवारणी झालती, माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. त्या ट्रेला तो पाला गेला."

मी तिच्याकडं बघत राहिलो. ओढ्याकडं ती पाल्याला गेलीच नव्हती.

बंकट म्हणाला, "मग तर लईच झालं! तो पाला बाकीच्या ट्रेत गेला न्हाई कशावरून? इखारी पाला खाल्लेली अळी आज जगंल, कोषाला मरंल. चला रं."

केशरचा चेहरा उतरला. ज्या बाईनं भिंतीला हात लावून ऊब ओळखली, तिला खोटं नीट बोलता आलं नाही. आणि ती खोटं बोलली कशासाठी? पाला आठही ट्रेंना एकच होता. वजन मी केलं होतं. हवा एक, पाणी एक, गारवा एक. शाळेत सर दरवर्षी सांगायचे आणि मी स्टुलावर बसून तीस वर्षं ऐकलं, की सगळं सारखं ठेवा, एकच गोष्ट बदला, निकाल बदलला तर कारण तेच. मग त्या एका ट्रेला वेगळं काय मिळालं?

 मी घरात गेलो आणि ही वही घेऊन आलो.

"थांब बंकट. पाल्याचं खोटं हाय. हे ऐक." आणि वीस तारखेचं पान मोठ्यानं वाचलं. आज बारी वाचवली ती मी, इथपासून. तंबाखू मळत बसलो होतो, तेही वाचलं. हात धोतराला पुसले, तेही वाचलं. पाला हातानं सारखा पसरून दिला, तेही वाचलं. "आठातल्या एकाच ट्रेला माझा हात लागला. मेला तो तेवढाच. मशीन चांगली हाय, पाला चांगला हाय. हात माझा घाण हुता."

 मग बंकटनं वही माझ्या हातातून ओढून घेतली. त्याला वाटलं असेल मी रचून सांगतोय. त्यानं मागचं पान उलटलं आणि बोट ठेवून वाचायला लागला. सतरा तारीख. मी विसरूनच गेलो होतो तिथं काय लिहिलंय.

"सगळ्यात वर, पंख्याजवळ, बंकटचा," तो वाचत म्हणाला. पुन्हा वाचलं. "सगळ्यात खाली आमचा. म्हंजी वहिनी... मेला तो ट्रे माझा हुता?"

केशर त्याच्याकडं बघेना. पदरानं उगाच ट्रेची कड पुसत राहिली. म्हणजे दोष माझ्या साठीचा नव्हता. तिनं चिठ्ठ्या बदलल्या होत्या.

बंकट खाली बसला.  "वहिनी, निम्म्या तरी तुमी घ्या."

"निम्म्यानं ना तुमचं शेड भरंल ना माझं. म्या तुमाला शब्द दिलता, मला स्वतःला कुणी दिला न्हवता. उचला आता, ऊन लागतंय त्यांना."

धुळाजीनं आधी टोपली उचलली. मग सगळ्यांनी. जाता जाता धुळाजी म्हणाला, "काकू, जूनला पुन्हा करा, माझं नाव धरा. पर सर्जेरावाला तेवढं बांधून ठेवा." सगळे हसले. बंकट हसला नाही. टोपलीवरचं ओलं फडकं नीट करत, जपून पाय टाकत गेला.

अकरा वाजता अंगणात आम्ही दोघंच. आमचं शेड धुतलेलं, रिकामं. घरामागं तुतीचा पाला माणसाएवढा उभा.

मी म्हटलं, "तुला रविवारीच कळलं होतं."

"तुमी सांगितलं तवाच."

"मग बोलली का नाहीस? माझ्यासाठी झाकलंस?"

"तुमच्यासाठी कशाला? खोलीचं नाव गेलं असतं म्हणून." मग थोड्या वेळानं म्हणाली, "अन् तुमी तीन दिस त्या फ्रीजपाशी बसून एकेक नळी चाचपत हुता. तुमाला कसं सांगू?"

चाळीस वर्षांच्या संसारात मी या बाईला किती ओळखलं, देव जाणे. मला मान वर करता येईना. मी म्हणालो, "माझं चुकलं, केशर." ती रिकामे ट्रे खोलीत नेऊन रचायला लागली. आठ दिवस ती नीट झोपलेली नाही. थोड्या वेळानं आवाज थांबला. काचेतून बघितलं, तर भिंतीला टेकून खाली बसली होती, पाय लांब करून. बाहेर एक्केचाळीस, आत सत्तावीस. यंत्र अजून चालूच होतं.

मी दाराबाहेर उभा.

तिनं डोळे न उघडता हाक मारली. "या की आत. आता काय मरायचंय कुणी."

मी मोरीवर गेलो, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा, आणि मग आत गेलो.